जुन्या फ्लॉरेन्सच्या कथा कशा शोधाव्यात आणि कशा पारखाव्यात

फ्लॉरेन्सच्या जुन्या कथा समजून घ्यायच्या असतील, तर गोव्याच्या माणसाने विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी एक सकाळ जुन्या गोव्यात घालवावी. बॉम जेझूस बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष ज्या चांदीच्या पेटीत आहेत, ती पेटी गोव्याच्याच सोनारांनी 1636-37 मध्ये घडवली. परंतु ती पेटी ज्या उंच, रंगीत दगडांच्या चौथऱ्यावर विराजमान आहे, तो चौथरा फ्लॉरेन्सचा आहे. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो दे मेदिची याने तो भेट म्हणून पाठवला. शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याच्या देखरेखीखाली तो सुमारे दहा वर्षे घडत होता. सुटे भाग जहाजाने येथे आले आणि प्लाचिदो राम्पोनी नावाच्या फ्लॉरेन्सच्या कारागिराने 1698 मध्ये ते जोडून हे काम उभे केले. संताच्या डोक्याखालची उशी ड्यूकच्या हाती आली आणि त्या उशीच्या बदल्यात त्याने हा चौथरा दिला, असे सांगितले जाते.

काही वर्षांपूर्वी मी गोव्यातील साखळी भागातील विद्यार्थ्यांना घेऊन तेथे गेलो होतो. मी पाठ केलेली सनावळी सांगत असताना एका मुलाचे लक्ष माझ्याकडे नव्हते. त्याच्या घरच्यांची चिरेखाण होती. बाहेरच्या भिंतीचे तांबडे चिरे त्याने येताना हाताने चाचपून पाहिले होते आणि आता तो चौथऱ्यातील तांबूस-जांभळ्या, शिरा असलेल्या गुळगुळीत दगडाकडे एकटक पाहत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "सर, हो फातर आमच्या हांगाचो न्हय." (हा दगड आमच्या इथला नाही.) माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानापेक्षा त्या एका वाक्यात अधिक इतिहास होता. त्याने आधी वस्तू पाहिली, ती येथील नाही हे ओळखले आणि मगच ती कोठून आली असेल असा प्रश्न त्याच्या मनात आला. फ्लॉरेन्समध्ये गेल्यावर आपल्यालाही याच क्रमाने चालायचे आहे. प्रथम खूण पाहावी, नंतर तिचा काळ ठरवावा आणि कथा सर्वांत शेवटी ऐकावी. बहुतेक प्रवासी याच्या नेमके उलट वागतात. कथा ऐकून घेतात, छायाचित्र काढतात आणि पुढे जातात, आणि म्हणून घरी परतल्यावर त्यांच्याजवळ चार गमती उरतात, शहर उरत नाही.

जुन्या गोव्यातील पूर्वतयारी

बासिलिकेत सकाळी लवकर जावे, खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत (फ्लॉरेन्सच्या चर्चमध्येही हाच नियम आहे), आणि शक्य असल्यास एक लहानशी दुर्बीण जवळ ठेवावी. चौथऱ्याच्या चारही बाजूंना ब्राँझचे उठावदार पट आहेत. त्यांत संताच्या आयुष्यातील प्रसंग आहेत आणि चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर झालेला त्याचा मृत्यूही आहे. नुसत्या डोळ्यांना ते काळपट पत्र्यासारखे वाटतात. दुर्बिणीतून पाहिल्यावर मात्र माणसांचे चेहरे, वस्त्रांच्या चुण्या आणि दूर मागे सरकत जाणारी माणसांची गर्दी दिसू लागते. पुढची आकृती पटातून जवळजवळ सुटून बाहेर यावी आणि मागची आकृती केवळ रेघेपुरती उरावी, ही फ्लॉरेन्सच्या शिल्पकारांची जुनी हातोटी आहे. ती येथे डोळ्यांत बसली, की तेथील दरवाजे आणि वेद्या पाहताना परके वाटत नाही.

रंगीत कठीण दगड कापून, घासून, एकमेकांत बसवण्याच्या कामासाठी पहिला फेर्दिनान्दो या ग्रँड ड्यूकने 1588 मध्ये फ्लॉरेन्समध्ये राजाश्रयाचा कारखाना स्थापन केला. तो आजही 'ओपिफिचो देल्ले पिएत्रे दुरे' या नावाने जुन्या कलाकृतींच्या जतनाचे काम करतो, आणि व्हिया देल्यी आल्फानी या रस्त्यावर त्याचे लहानसे संग्रहालय आहे. गोव्याच्या माणसाने ते चुकवू नये. तेथे दगडांचे नमुने आणि कापण्याची अवजारे मांडलेली आहेत. जुन्या गोव्यात पाहिलेला रंग तेथे दगडांच्या नमुन्यांत शोधण्यात माझा दीड तास कसा गेला हे मला कळले नाही.

योगायोग असा, की ज्या 1588 साली तो कारखाना स्थापन झाला, त्याच साली फ्लॉरेन्सचा एक व्यापारी गोव्यात मरण पावला. त्याचे नाव फिलिप्पो सास्सेत्ती. त्याचा जन्म 1540 चा. 1583 मध्ये तो मिऱ्यांच्या व्यापारासाठी कोचीनला आला आणि येथून त्याने मायदेशी पत्रे लिहिली. संस्कृत आणि आपली इटालियन भाषा यांत कितीतरी शब्द सारखे आहेत, हे त्याने त्या पत्रांत नोंदवले. देव म्हणजे 'दिओ', सर्प म्हणजे 'सेर्पे', आणि सहा, सात, आठ, नऊ यांना त्यांच्याकडे 'सेई, सेत्ते, ओत्तो, नोव्हे'. संस्कृतचे ग्रीक आणि लॅटिन (इटालियनची जननी) यांच्याशी असलेल्या नात्याविषयी भाषापंडित सर विल्यम जोन्स यांचे प्रसिद्ध प्रतिपादन 1786 मधील आहे; म्हणजे सास्सेत्तीच्या कानाने तसले साम्य सुमारे दोनशे वर्षे आधी टिपले होते. फ्लॉरेन्सच्या बाजारात भाव विचारताना 'सेत्ते' आणि 'ओत्तो' हे शब्द कानावर पडले, की या माणसाची आठवण अवश्य काढावी.

सनावळी वाचण्याची किल्ली

फ्लॉरेन्सच्या जुन्या तारखा सरळ वाचल्या तर घोटाळा होतो, कारण त्या शहराचे वर्ष 1 जानेवारीला सुरू होत नसे. ते 25 मार्चला, म्हणजे देवदूताने मरियेला शुभवार्ता दिली त्या सणाला सुरू होत असे. ही पद्धत 1749 पर्यंत चालली; त्या वर्षी ग्रँड ड्यूकने हुकूम काढून 1750 पासून 1 जानेवारी हा वर्षारंभ ठरवला. ज्यांच्या घरी संसार पाडवा (गुढीपाडवा) साजरा होतो, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. शालिवाहन शकाचे इसवी सन करताना आपण एरवी 78 मिळवतो, परंतु जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत 79 मिळवतो. फ्लॉरेन्सच्या बाबतीत हिशेब त्याहून सोपा आहे. जुन्या नोंदीत 1 जानेवारी ते 24 मार्च यांमधील तारीख असेल, तर वर्षात एक मिळवावा. उरलेल्या महिन्यांना हात लावू नये.

उदाहरणार्थ, मायकेलॅंजेलोच्या वडिलांनी मुलाच्या जन्माची नोंद 6 मार्च 1474 अशी केली, आणि आज आपण त्याचा जन्म 1475 चा मानतो. दोन्ही बरोबर आहेत. एखाद्या पाटीवर आणि एखाद्या माहितीपुस्तिकेत एका वर्षाचा फरक आढळला, तर लगेच कोणाला चूक ठरवू नये. आधी महिना पाहावा.

तासांचेही असेच आहे. दुओमो या मुख्य चर्चच्या आत, प्रवेशद्वाराच्या वरच्या बाजूला, पाओलो उच्चेल्लो या चित्रकाराने 1443 मध्ये रंगवलेले घड्याळ आहे. त्यावर चोवीस तास आहेत, काटा एकच आहे, आणि तो आपल्या सवयीच्या उलट दिशेने फिरतो. दिवसाची मोजणी सूर्यास्तापासून होत असे. सूर्य मावळला की चोवीस वाजले. आपला वार सूर्योदयाला बदलतो, त्यांचा दिवस दिवेलागणीला बदलत असे. आत जाणारे लोक प्रथम समोरच्या घुमटाकडे धाव घेतात आणि हे घड्याळ त्यांच्या पाठीमागे राहून जाते, म्हणून आत शिरल्यावर दहा पावले चालून मागे वळावे.

भिंतीवरील खुणा कशा शोधाव्यात

यासाठी एक वही ठेवावी. डाव्या पानावर केवळ डोळ्यांनी पाहिलेले लिहावे आणि उजव्या पानावर कोणी सांगितलेले. मी ही शिस्त दुसऱ्या फेरीत पाळली आणि पहिल्या फेरीतील कितीतरी गोष्टी मला नव्याने कळल्या.

आरंभ व्हिया दे नेरी या रस्त्यावरून करावा. तेथे व्हिया सान रेमिज्यो ही गल्ली जेथे मिळते, त्या कोपऱ्यावर मान वर करून उभे राहावे. भिंतीत एक जुना दगड बसवलेला आहे. त्यावर लाटा कोरलेल्या आहेत, लाटांमधून एक हात वर आला आहे, आणि त्या हाताचे बोट एका रेषेकडे रोखलेले आहे. 4 नोव्हेंबर 1333 रोजी आर्नो नदीचे पाणी त्या रेषेपर्यंत चढले होते. त्याच्याही वर दुसरी पाटी आहे, 4 नोव्हेंबर 1966 च्या पुराची. वर्षांत सहा शतकांहून अधिक अंतर, परंतु दिवस आणि महिना तोच. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर त्या दोन्ही रेषा आहेत. मी साखळीचा असल्यामुळे माझे पाय तेथून लवकर हलले नाहीत. वाळवंटी नदीचे पाणी बाजारात शिरले, की आमच्याकडील वयस्कर माणसे दुकानाच्या भिंतीला हात लावून "हांगासर" (येथे) एवढेच म्हणतात. फ्लॉरेन्सच्या लोकांनी तोच हात दगडात कोरून ठेवला आहे. ही खूण एकदा ओळखू आली, की शहरभर 1966 च्या पाट्या दिसू लागतात, आणि सांता क्रोचे चर्चच्या बाजूला जसजसे जावे तसतशा त्या उंच होत जातात. शहराचा कोणता भाग सखल आहे, हे नकाशाविना कळते.

दुसरी खूण कमरेच्या उंचीवर शोधावी. जुन्या वाड्यांच्या दर्शनी भिंतीत, मोठ्या दरवाज्याच्या शेजारी, जेमतेम फूटभर उंचीची कमानदार खिडकी दिसते. आपल्याकडील भिंतीतला कोनाडा आरपार खोदावा आणि त्याला दगडी चौकट बसवावी तशी. काही बुजवलेल्या आहेत, काहींना लाकडी झडप आहे, आणि काहींत आता घराची घंटा बसवलेली आहे. या द्राक्षारसाच्या खिडक्या आहेत. मेदिची घराण्यातील ड्यूक पहिला कोसिमो याने 1559 मध्ये जमीनदार कुटुंबांना आपल्या मळ्यातील वाइन स्वतःच्या घरातून विकण्याची मुभा दिली. गिऱ्हाइकाने रस्त्यावरून खिडकी ठोठवावी, रिकामी बाटली आणि पैसे आत द्यावेत, भरलेली बाटली घ्यावी आणि जावे. आतला माणूस दिसत नसे आणि गिऱ्हाईक वाड्यात शिरत नसे. 1630 नंतरच्या प्लेगच्या साथीत या रचनेचा मोठा उपयोग झाला. विक्रेते हातांनी नाणी घेत नसत. धातूच्या पसरट पात्रात घेत आणि व्हिनेगरमध्ये बुडवून मगच गल्ल्यात टाकत. 2020 मध्ये करोनाच्या दिवसांत अशा काही खिडक्या पुन्हा उघडल्या आणि त्यांतून वाइनबरोबर कॉफी आणि आइस्क्रीमही देण्यात आले. शहरात अशा दीडशेहून अधिक खिडक्या नोंदलेल्या आहेत. सर्व पाहण्याचा हट्ट नको. व्हिया देल्ले बेल्ले दोन्ने या गल्लीतील खिडकी मात्र पाहावी, कारण तेथे विक्रीच्या वेळा कोरलेला दगड अजून जागेवर आहे.

तिसरी खूण पायाखाली आहे. दुओमोच्या मागील बाजूस, फरसबंदीत, पांढऱ्या संगमरवराची एक गोल चकती बसवलेली आहे. ब्रुनेलेस्की या वास्तुशिल्पीने उभारलेल्या घुमटाच्या शिखरावर सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा गोळा 1471 मध्ये चढवण्यात आला होता. 1600 च्या सुमारास वीज पडून तो खाली कोसळला आणि तेथवर आला, असे ती चकती सांगते. 1602 मध्ये अधिक मोठा गोळा वर चढवला गेला. चकतीवर पाय ठेवून वर पाहिल्याशिवाय त्या पडण्याचा अंदाज येत नाही.

रस्त्यावर पत्ता शोधताना एक अडचण हमखास येते. जुन्या पद्धतीनुसार घरांचे क्रमांक काळे किंवा निळे आणि दुकानांचे लाल असत, आणि दोन्ही मालिका स्वतंत्रपणे धावत असत. त्यामुळे एकाच रस्त्यावर दोन वेगवेगळ्या ठिकाणी तोच क्रमांक आढळतो. पत्त्यातील अंकापुढे 'आर' हे अक्षर असेल तर लाल क्रमांक शोधावा.

कथा पारखण्याची रीत

एकाच खुणेवर दोन कथा बसलेल्या असतील, तर दोन्ही उजव्या पानावर लिहाव्यात आणि घाईने निवाडा करू नये. सांता मारिया माज्जोरे या चर्चच्या भिंतीतून, बऱ्याच उंचीवर, बाईचे एक दगडी डोके बाहेर डोकावते. लोक तिला बेर्ता म्हणतात. चेक्को दास्कोली हा ज्योतिषी 1327 मध्ये फ्लॉरेन्समध्ये जाळला गेला, हा इतिहास आहे. त्याला वधस्थळी नेत असताना त्याने पाणी मागितले, तेव्हा बेर्ता खिडकीतून "त्याला पाणी देऊ नका" असे ओरडली आणि "तुझे डोके तेथून कधी हलणार नाही" असा शाप त्याने दिला, ही कथा आहे. दुसरी कथा सांगते, की बेर्ता ही भाजी विकणारी गरीब बाई होती. नगराचे दरवाजे उघडण्याची आणि मिटण्याची वेळ शेतकऱ्यांना कळावी म्हणून तिने साठवलेल्या पैशांतून चर्चला घंटा दिली, आणि लोकांनी कृतज्ञतेने तिचे डोके भिंतीत बसवले. एक कथा शापाची, दुसरी उपकाराची, दगड तोच. मला दुसरी अधिक आवडते, परंतु केवळ आवडते म्हणून ती खरी मानण्याचा अधिकार मला मिळत नाही. इतिहास म्हणून 1327 एवढेच घ्यावे आणि उरलेले लोकमानस म्हणून जपावे. आपल्याकडे मंगेशाला 1560 मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळला हलवले, ही घटना आणि त्या वाटेवरच्या चमत्कारांच्या गोष्टी आपण ज्याप्रमाणे वेगवेगळ्या ठेवून दोन्ही श्रद्धेने सांगतो, तेच येथे करावे.

सांगणाऱ्याच्या बोलण्यात 'सी दीचे' हे शब्द आले की कान टवकारावेत. त्यांचा अर्थ 'असे म्हणतात' असा आहे. प्रामाणिक सांगणारा ते शब्द वापरतो. पहिल्या फेरीत आमच्याबरोबर एका सहल कंपनीने दिलेला मार्गदर्शक होता आणि त्याने पोंते व्हेक्यो या जुन्या पुलावर सोनारांची दुकाने पूल बांधल्यापासून आहेत असे ठामपणे सांगितले. मी ते तसेच वहीत उतरवले आणि परतल्यावर मुलांनाही शिकवले. प्रत्यक्षात 1333 च्या पुरात आधीचा पूल वाहून गेला, आजचा पूल 1345 मध्ये पुरा झाला, त्यावर खाटकांची दुकाने होती, आणि 1593 मध्ये फेर्दिनान्दोने हुकूम काढून घाण आणि दुर्गंधी करणारे धंदे हटवले आणि तेथे सोनारांना बसवले. त्या दुकानांवरून ड्यूकच्या घराण्याचा खासगी मार्ग जातो, जो 1565 मध्ये अवघ्या काही महिन्यांत बांधला गेला होता. त्यामुळे हुकुमाचे कारणही उलगडते. पुढच्या वर्गाला मी ही चूक कबूल केली. ज्या कथेत 'मूळपासून' किंवा 'अनादिकाळापासून' असे शब्द येतील, तेथे आधी कारण शोधावे.

नव्या बाजाराच्या मंडपात रानडुकराचा ब्राँझचा पुतळा आहे. त्याचे नाक घासून नाणे टाकणाऱ्यांची तेथे एवढी दाटी असते, की मंडपाच्या मध्यभागी जमिनीत बसवलेला रंगीत संगमरवराचा चक्राकार दगड कोणाच्या नजरेस पडत नाही. पुतळा मूळचा पिएत्रो ताक्का याचा, सतराव्या शतकातील. बाजारात आहे ती प्रतिकृती आहे आणि मूळ संग्रहालयात आहे. खरी हकिकत त्या चक्राची आहे. दिवाळे निघालेल्या व्यापाऱ्याला तेथे आणून, त्याचे पार्श्वभाग उघडे करून त्या दगडावर तीनदा आदळत असत, म्हणून त्याला 'लाजेचा दगड' म्हणतात. भर दिवसा दुकानात दिवा लावून व्यापारी आपली स्थिती जाहीर करीत असे आणि त्यावरून 'दिवाळे' हा शब्द आला, असे आपल्याकडे सांगितले जाते. कर्ज बुडवणे हा केवळ दोघांतला व्यवहार नसून सबंध बाजारापुढे मान खाली घालण्याची गोष्ट आहे, ही समजूत दोन्हीकडे आहे.

कोणत्या दिवशी जावे

शक्य असल्यास सण पाहून तारीख ठरवावी. गोव्याच्या माणसाला यात एक सोय आहे, कारण दोन तारखा त्याला आधीच पाठ असतात.

24 जून हा आपल्याकडे सांजांवचा दिवस. डोक्यावर फुलांची कोपेल घालून तरुण मंडळी विहिरींत उड्या घेतात, आणि पाऊस त्यांना साथ देतो. तोच संत, सान जोव्हान्नी, फ्लॉरेन्सचा रक्षणकर्ता आहे. तेथे त्या दिवशी पाण्याऐवजी वाळू असते. सांता क्रोचेच्या चौकात वाळू पसरून ऐतिहासिक 'काल्चो'चा, म्हणजे फुटबॉलच्या जुन्या प्रकाराचा, अंतिम सामना होतो. शहराच्या चार भागांचे चार संघ असतात: सांता क्रोचे निळा, सांतो स्पिरितो पांढरा, सांता मारिया नोव्हेल्ला तांबडा आणि सान जोव्हान्नी हिरवा. प्रत्येक संघात 27 खेळाडू असतात, सामना 50 मिनिटांचा असतो, आणि चेंडू हाताने, पायाने, कुस्ती करून, कसाही पुढे नेता येतो. परंपरेने विजेत्यांचे बक्षीस म्हणजे एक पांढरे वासरू. सामना पाहण्यास मन घट्ट असावे लागते, रक्त निघते. रात्री नदीकाठी आतषबाजी होते आणि ती सर्वांना पाहता येते.

या खेळाची सर्वांत मोठी आठवण 17 फेब्रुवारी 1530 ची आहे (जुन्या नोंदीत 1529, वर सांगितलेली किल्ली येथे लावावी). सम्राट पाचवा चार्ल्स याच्या सैन्याने शहराला वेढा घातला होता आणि आत अन्नाचा तुटवडा होता. अशा वेळी फ्लॉरेन्सवाल्यांनी कार्निव्हालच्या रिवाजाप्रमाणे याच चौकात सामना भरवला, आणि शत्रूला ऐकू जावे म्हणून वाजंत्री चर्चच्या छपरावर चढवले. ऑगस्टमध्ये शहर पडले. सामना मात्र ते अजून सांगतात. चौकाच्या दक्षिणेकडील रंगवलेल्या वाड्याच्या भिंतीवर 1565 ची एक दगडी चकती आहे. मैदानाची मध्यरेषा ती दाखवते. सामन्याचे तिकीट मिळाले नाही तरी ती चकती पाहता येते.

दुसरी तारीख 7 सप्टेंबरची रात्र. दुसऱ्या दिवशी मरियेचा जन्मदिन, म्हणजे आपल्याकडील मोंतीचे फेस्त. जुन्या काळी भोवतालच्या खेड्यांतून शेतकरी बाया आपला माल घेऊन, काठीला कागदी कंदील बांधून, रात्रभर चालत सान्तिस्सिमा अन्नुन्झियाता चर्चपाशी येत. शहरातील टवाळ मुले त्यांच्या कंदिलांवर नेम धरीत. त्यातून 'रिफिकोलोना' हा कंदिलांचा सण उरला. आता मुलेच कंदील घेऊन निघतात आणि मुलेच नळीतून मातीच्या गोळ्या फुंकून दुसऱ्याचा कंदील पेटवण्याचा खटाटोप करतात. लहान मुलांसह जाणाऱ्यांनी हाच दिवस निवडावा. आकाशकंदील करण्यात हात बसलेल्या आपल्या मुलांना तेथील मुलांमध्ये मिसळायला भाषेची अडचण येत नाही, हे मी माझ्या भाचीच्या बाबतीत पाहिले आहे.

ईस्टरच्या सकाळी पांढरे बैल जुंपलेला, दुमजली घराएवढा उंच रथ दुओमोसमोर येतो. आत प्रार्थनेच्या वेळी कबुतराच्या आकाराचा एक बाण वेदीपासून तारेवरून सुटतो, रथातील दारूकाम पेटवतो आणि परत जातो. कबुतर नीट परतले तर पीकपाणी चांगले येते अशी श्रद्धा आहे. 1966 मध्ये ते नीट परतले नाही आणि नोव्हेंबरात पूर आला, असे तेथील लोक सांगतात. हे उजव्या पानावर लिहावे. अग्नीची ठिणगी ज्या गारगोट्यांतून पाडतात, त्या 1099 च्या जेरुसलेम मोहिमेतून पात्सिनो दे पात्सी याने आणल्या, असेही मानतात. त्याच पात्सी घराण्याने 1478 मध्ये मेदिची बंधूंवर चर्चमध्येच खुनी हल्ला केला, धाकटा जुल्यानो मारला गेला, आणि नगराने पात्सींचे नाव आणि चिन्ह पुसून टाकण्याचा हुकूम काढला. रथ मात्र आजही निघतो. जागा धरण्यासाठी निदान दोन तास आधी पोचावे.

हळू पाहण्याची दोन ठिकाणे

पहिले ठिकाण म्हणजे अनाथ बालकांसाठी उभारलेले 'ओस्पेदाले देल्यी इन्नोचेन्ती'. ब्रुनेलेस्कीने 1419 मध्ये आराखडा केला आणि 1445 मध्ये ते उघडले. त्या वर्षी 5 फेब्रुवारीला पहिले मूल तेथे ठेवले गेले. त्या दिवशी संत आगाथेचा सण होता, म्हणून त्या मुलीचे नाव आगाता स्मेराल्दा ठेवण्यात आले. दर्शनी कमानींच्या एका टोकाला, रात्रीच्या अंधारात मूल आत सरकवण्याची जाळीची खिडकी अजून दिसते. 1875 मध्ये ती बंद झाली. संग्रहालयात लहान लहान खण आहेत आणि त्यांत मुलांच्या अंगावर सापडलेल्या वस्तू ठेवलेल्या आहेत. त्यांत पदके आणि नाणी आहेत, परंतु कितीतरी अर्धीच. आईने अर्धे मुलाच्या गळ्यात बांधायचे आणि अर्धे स्वतःजवळ ठेवायचे. कधी परिस्थिती बदलली आणि मूल परत मागता आले, तर दोन तुकडे जुळवून नाते सिद्ध करायचे. मी एका पदकाच्या कापलेल्या कडेकडे बराच वेळ पाहत होतो. कड सरळ नव्हती, वेडीवाकडी होती. तशी ती मुद्दामच कापलेली असणार, म्हणजे दुसरा कोणताही तुकडा तिला जुळणार नाही. फ्लॉरेन्समध्ये 'इन्नोचेन्ती' किंवा 'नोचेन्तीनी' हे आडनाव भेटले, तर ते या कमानींपासून आलेले असू शकते. ते विचारू नये, ठाऊक असावे इतकेच.

दुसरे ठिकाण मराठी माणसाचे आहे. कोल्हापूरचे राजाराम छत्रपती इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. त्यांचे वय वीस होते. हे शहर तेव्हा इटलीच्या राज्याची राजधानी होते, आणि दहनाचा रिवाज तेथे नसल्यामुळे खास परवानगी काढावी लागली. हिंदू रीतीप्रमाणे संगम हवा होता. कास्चिने उद्यानाच्या पश्चिम टोकाला मुन्योने ही लहान नदी आर्नोला मिळते. तेथे चिता रचली गेली. 1874 मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली. आराखडा चार्ल्स मँट यांचा आणि रंगवलेला अर्धपुतळा चार्ल्स फुलर यांचा आहे. महाराजांनी त्या प्रवासात लिहिलेली रोजनिशी 1872 मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली. निघण्यापूर्वी ती वाचता आली तर छत्रीपाशी उभे राहताना फरक पडतो, कारण हिंडण्याची आणि नवे पाहण्याची ओढ असलेला एक तरुण तिच्यात दिसतो.

तेथे जाण्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. उद्यान नदीच्या काठाने तीन किलोमीटरांहून अधिक लांब पसरलेले आहे आणि छत्री अगदी शेवटी आहे. सकाळी निघावे, पाणी बरोबर घ्यावे आणि नदी डाव्या हाताला ठेवून चालत राहावे. वाट विचारताना कोल्हापूर किंवा राजाराम ही नावे उपयोगी पडत नाहीत. 'इन्दियानो' असे म्हणावे, कोणीही बोट दाखवतो. कारण छत्रीसमोरच्या जागेला तेच नाव आहे, आणि तिच्या जवळून आर्नो ओलांडणाऱ्या, 1978 मध्ये पुऱ्या झालेल्या लोखंडी दोरांच्या मोठ्या पुलालाही फ्लॉरेन्सचे लोक 'पोंते आल्लिन्दियानो', म्हणजे त्या भारतीयाजवळचा पूल, असेच म्हणतात.